एक मॅच जिंकून दाखवा, दळवी!

जिंकणाऱ्या कोचकडे कप जमतात आणि हरणाऱ्याकडे किस्से. माझ्याकडे कप एकही नाही. किस्से मात्र इतके, की संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मी दिसलो की चार म्हातारे सरकून जागा करून देतात. "या दळवी! आज कुठली मॅच हरताय?"

मी हे मुद्दाम गोळा केले नाहीत हो! मला फक्त साधा सरळ फुटबॉल शिकवायचा होता. पण संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वर्षांत, परळला, दोन गिरण्यांच्या मधल्या ग्राउंडवर, लालबाग-नायगावची पोरं हाताशी घेऊन साधं सरळ काही करता येत नसे. रोज संध्याकाळी मी डोकं धरून प्रभादेवीला घरी यायचो. बायको चहा पुढे ठेवून विचारायची, "आज काय नवीन?" आणि काहीतरी नवीन असायचंच!

* * *

आधी माझी नेमणूक कशी झाली ते ऐका.

मी कॉलेजात फिजिकल इन्स्ट्रक्टर. आमचे प्रिन्सिपॉलसाहेब क्रिकेटचे भक्त. कॉलेजला फुटबॉलची टीम होती ती एका वृद्ध ट्रस्टींच्या हट्टापायी. ते ट्रस्टी वारले. त्यांचं तेरावं आटोपलं आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"दळवी, तुम्हाला फुटबॉल येतो?"

"हो सर. शाळेत असताना गिरगावात..."

"मला येत नाही. आवडतही नाही. दीड तास धावायचं आणि शेवटी स्कोअर काय, तर शून्य-शून्य! अहो, आमच्यात अकराव्या नंबरचा बॅट्समन डोळे मिटून फिरवतो, तरी चार रन काढतो!"

साहेबांनी हातानेच एक फटका मारून दाखवला.

"पण जाताना ट्रस्टींनी माझ्याकडून शब्द घेतलाय. म्हणून तुम्हाला तीन वर्षं देतो. आंतरकॉलेज स्पर्धेतली एक मॅच जिंकून दाखवा, दळवी. एकच! नाही जिंकलात तर गोलपोस्ट उखडतो आणि तिथे पिच घालतो."

स्पर्धा नॉकआउट. पहिल्या राउंडला हरलं की वर्षभर घरी. म्हणजे माझ्या वाट्याला तीन मॅचेस. मी मनात म्हटलं, तीनांत एक? त्यात काय मोठंसं!

खोटं कशाला सांगू, मला त्या खेळाचं वेड होतं. लहानपणापासून दुसरं काही मला धड आलंच नाही. ते गोलपोस्ट मला उखडू द्यायचे नव्हते. म्हणून तर पुढचं सगळं सहन केलं.

* * *

आमचा फुलबॅक परब. लालबागचा. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आणि हा स्वतः व्यायामशाळेच्या हुतूतूच्या टीमचा कणा. छाती ही एवढी! मी त्याला बघितला आणि म्हटलं, हा आमचा किल्ला. ह्याच्या पलीकडे कोण जातो!

आणि खरोखरच कुणी जात नसे. कारण कुणी पुढे आला की परब खाली बसून त्याचा घोटा धरायचा.

"परब! हात लावायचा नाही!"

"मग थांबवू कसा सर?"

"पायाने! पायाने थांबव!"

"पायाने धरता येत नाय ना सर," परब अगदी समजुतीने मला सांगायचा.

तीन महिने हेच. शेवटी हात मागे बांधून त्याला खेळवला. मग जमायला लागलं.

पहिल्या वर्षीची मॅच आली. रेफरी होता पिंटो. दादरला राहायचा, मूळचा वेंगुर्ल्याकडचा, नियमाला पक्का. तिन्ही वर्षं आमच्या नशिबी हाच. शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत शून्य-शून्य. परबने हात आवरून धरलेले. आणि तेवढ्यात त्यांचा सेंटर फॉरवर्ड बॉल घेऊन परबला चुकवून आत घुसला. आमची सगळी लालबाग रेघेवर उभी होतीच. त्यांतला कुणीतरी ओरडला, "धर रे!"

झालं! परबने झेप घेतली आणि त्याचा घोटा धरला. परबने घोटा धरलेला बघून आमच्या आणखी दोघांनी धावत येऊन त्याची कंबर धरली. बॉल बिचारा एकटाच बाजूला घरंगळत गेला. त्याच्याकडे कुणी बघेना! रेघेवरून सगळे ओरडतायत, "सोडू नका! दाबा, दाबा!"

पण खरी कमाल पुढेच आहे. तो सेंटर फॉरवर्ड मूळचा दादरचा. तोही हुतूतू खेळलेला. अंगावर तिघे पडलेत, आणि हा जिवाच्या आकांताने मधल्या रेघेकडे हात लांबवतोय! रेघ तिथून अर्धं ग्राउंड लांब!

पिंटो शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला. पेनल्टी दिली. गोल झाला. आम्ही हरलो.

परबला मात्र ते शेवटपर्यंत पटलं नाही. "सर, पिंटोला नियमच ठाऊक नाय. त्या पोराचा दम कधीच सुटला होता!"

* * *

त्यानंतर स्पर्धेच्या कमिटीने बूट सक्तीचे केले. आमची पोरं जन्मभर अनवाणी खेळलेली. मी खटपट करून अकरा जोड आणले आणि घरी वापरून पायात बसवा म्हणून वाटून टाकले.

आठवड्याने बघतो तर सगळे अनवाणी.

"बूट कुठे?"

आमचा कॅप्टन जाधव, नायगावच्या चाळीतला. बोलायला मोजका आणि पायात जादू. तो म्हणाला, "सर, बाबांनी पॉलिश करून फळीवर ठेवलेत. म्हणतात, इतके चांगले बूट मातीत घालायचे नाहीत. कॉलेजात घालून जा."

"अरे, ते फुटबॉलचे बूट आहेत! खाली खिळे आहेत त्यांना!"

"होय सर. काल वर्गात घालून गेलो होतो. प्रोफेसर बाहेर जा म्हणाले."

शेवटी एका शाळेच्या जुन्या मुलांबरोबर मी फ्रेंडली मॅच ठरवली. म्हटलं, निदान तिथे घाला. पोरं बूट घालून बदकासारखी चालत होती. जाधवच्या पायातला तर दोन नंबर मोठा. त्याने गोलजवळून एक सणसणीत किक मारली. बॉल गेला उजव्या कोपऱ्यात, आणि बूट गेला डाव्या!

त्यांच्या गोलकीपरने सुरेख झेप घेतली आणि बूट झेलला. दोन्ही हातांत, छातीशी घट्ट! बॉल आत.

पिंटोने बॉल बघितला, बूट बघितला. मग म्हणाला, "गोल बॉलचा असतो. बुटाचं नियमात काही नाही." आणि आम्ही जिंकलो! एक-शून्य!

मी तस्साच धावत प्रिन्सिपॉलसाहेबांकडे. धापा टाकत सांगितलं.

"स्पर्धेतली मॅच का?"

"नाही सर, फ्रेंडली."

"मग ती धरत नाही," साहेब म्हणाले आणि रेडिओवरच्या कॉमेंट्रीचा आवाज त्यांनी वाढवला.

* * *

गोलकीपर आमचा विजयकर. ठाकूरद्वारचा. जुनं खानदानी पाठारे प्रभू घराणं, सहा बहिणींनंतरचा हा एकुलता एक. पोरगा चपळ, पण इतका सालस, की बॉल अडवला की समोरच्याला "सॉरी" म्हणायचा. मी त्याला किती वेळा सांगितलं, की बाबा, गोल अडवणं हा गुन्हा नाही!

एका प्रॅक्टिस मॅचला त्याचे आजोबा आले. कोट, टोपी, हातात चांदीच्या मुठीची काठी. सोबत गड्याच्या डोक्यावर खुर्ची. ती खुर्ची त्यांनी मांडली कुठे, तर बरोब्बर गोलपोस्टच्या मागे! "नातू इथे उभा राहतो ना? मग मी इथेच बसणार."

वयाचा मान ठेवून मी काही बोललो नाही. तिथेच चुकलं. पहिली वीस मिनिटं बरी गेली. मग समोरच्या टीमचा विंगर बॉल घेऊन सुटला. परब मागे पडला. विंगर आणि विजयकर, समोरासमोर. मी श्वास रोखून बघतोय. आणि मागून आजोबांचा शांत आवाज आला.

"बाळ, आज पापलेट चांगलं नव्हतं बाजारात. घोळ आणलीय. चालेल ना?"

विजयकर चांगल्या संस्कारांतला. मोठ्यांनी विचारलं तर त्यांच्याकडे तोंड करून उत्तर द्यायचं, हे त्याला घरी शिकवलेलं. तो पूर्ण मागे वळला.

"हो आजोबा, चालेल की!"

बॉल त्याच्या पाठीला घासून आत गेला. मी डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटली. आजोबांनी ती गड्याकडून उचलून मला परत दिली आणि म्हणाले, "असं चिडू नये मास्तर. तुम्हीही या जेवायला."

गेलो. घोळ उत्तम होती, हे सांगायलाच हवं!

* * *

त्या दिवसांत ग्राउंड आमचं कमी आणि सभांचं जास्त होतं. आठवड्याला दोन सभा ठरलेल्या. एका बाजूला गोलपोस्टसमोर व्यासपीठ, माणसांचा समुद्र, आणि उरलेल्या चिंचोळ्या तुकड्यात आमची प्रॅक्टिस. तीही निम्म्या टीमची, कारण निम्मी सभेत सतरंज्या घालायला.

एकदा परबने बॉल उंच मारला. तो गेला थेट व्यासपीठावर. वक्ते चांगले मुरलेले होते. त्यांनी भाषण न थांबवता बॉल झेलला. मी खुणा करतोय, "द्या, द्या इकडे!" तर त्यांनी तो सभेला उंच धरून दाखवला.

"हा बघा! हा समजा आपला महाराष्ट्र!"

टाळ्या!

"इथे बेळगाव. इथे विदर्भ. ही इथे मुंबई. आता मला सांगा, ह्यातून मुंबई कापून काढली तर काय होईल?"

आणि समोर सतरंजीवर बसलेला आमचा जाधव मोठ्याने म्हणाला, "हवा जाईल!"

काय सांगू तुम्हाला! पाच मिनिटं टाळ्या थांबेनात. टोप्या उडाल्या. लोकांनी जाधवला उचलून व्यासपीठावर नेला. बॉलला हार घातला. सभेनंतर मोर्चा निघाला, तो आमचा एकुलता एक चांगला बॉल सगळ्यांत पुढे घेऊन. मी मागून धावतोय, "अहो, बॉल! बॉल!" आणि लोकांना वाटतंय, मीही घोषणा देतोय. दोघांनी तर मला पुढे जायला वाट करून दिली!

चार दिवसांनी बॉल परत आला. त्यावर कुणीतरी पांढऱ्या रंगात ठसठशीत अक्षरांत 'झालाच पाहिजे' लिहिलेलं. रंग पक्का. मी खोबरेल लावलं, रॉकेल लावलं, काही उपयोग नाही.

पुढच्या मॅचला पिंटोने तो हातात घेऊन चारही बाजूंनी वाचला. मग माझ्याकडे परत दिला.

"दळवी, ह्या बॉलने खेळता येणार नाही. हा बॉल पॉलिटिकल आहे."

* * *

दुसऱ्या वर्षीची स्पर्धेची मॅच. टीम आता चांगली तयार झालेली. परब हात लावत नव्हता. बूट पायात बसले होते. विजयकरच्या आजोबांना मी सेंटर लाइनजवळ, सावलीत, खास जागा दिली होती. मी म्हटलं, आज जिंकलोच!

मॅचआधी नारळ फोडायची आमची पद्धत. कॅप्टनने फोडायचा. मी जाधवपुढे नारळ धरला. त्याने हात मागे घेतला.

"सर, आम्ही आता देव सोडले. घरी हे सगळं बंद केलंय. मी गोल मारतो. नारळ दुसऱ्या कुणाला द्या."

मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. नारळ विजयकरकडे केला. तो म्हणाला, "सर, बोटाला लागलं तर बॉल कोण अडवणार?" तेही बरोबर. शेवटी परब पुढे झाला. "माझ्याकडे द्या सर. मी करतंय सगळा व्यवस्थित."

तिथे माझी मती का गेली, देव जाणे! मालवणी माणसाच्या हातात नारळ दिला की तो नुसता फोडत नाही. तो आधी गाऱ्हाणं घालतो!

परबने नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी पोरां ह्या ग्राउंडावर इल्ली आसत, तेंका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" टीम ओरडली.

"तेंच्या पायात जा कोणी पाय घालीत, तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता समोरच्या टीममधलेही चार जण सामील. तेही तिकडचेच!

त्यानंतर परबने गावच्या देवाला बोलावलं. वाटेवरच्या देवांना बोलावलं. लालबागच्या, परळच्या, दोन्ही गिरण्यांच्या आवारातल्या देवांना नावानिशी बोलावलं. चुकलंमाकलं सांभाळून घ्यायला सांगितलं. मी घड्याळ बघतोय. दहा मिनिटं झाली. मी पिंटोकडे धावलो. "अहो रेफरी, शिट्टी मारा! थांबवा ह्याला!"

पिंटोने टोपी काढून छातीशी धरली होती. डोळे मिटलेले.

"व्हय म्हाराजा," पिंटो म्हणाला.

मॅच पाऊण तास उशिरा सुरू झाली. तरी माझी तक्रार नव्हती, कारण गाऱ्हाणं पावलं! जाधवने दिल्या शब्दाप्रमाणे गोल मारला. एक-शून्य. शेवटची वीस मिनिटं उरली. मी रेघेवर उभा राहून मनातल्या मनात प्रिन्सिपॉलसाहेबांशी बोलत होतो.

आणि गिरणीचा भोंगा झाला.

परबच्या पायात बॉल होता. त्याने भोंगा ऐकला. बॉल हळूच थांबवला, समोर आलेल्या त्यांच्या फॉरवर्डकडे सभ्यपणे सरकवला आणि पळत सुटला! त्याच्यामागे आमचे दोन्ही हाफबॅक! गोलपोस्टच्या मागे तीन डबे ओळीने ठेवलेले होते. मी दुपारपासून बघत होतो, मला वाटलं मॅच संपली की पोरं खाणार. तिघांनी एकेक डबा उचलला आणि ग्राउंडबाहेर!

दुसऱ्या पाळीच्या जेवणाची सुट्टी! भोंगा झाला की बापाचा डबा गिरणीच्या गेटवर पोचलाच पाहिजे. लहानपणापासूनची सवय. मॅच वेळेवर सुरू झाली असती तर तोवर संपलीही असती!

मी परबच्या मागे धावलो. "परब! गाढवा! मॅच चालू आहे!"

तो धावता धावता ओरडला, "सर, बाबांची सुट्टी अर्धाच तास असते! मॅच दीड तास आहे!"

मी परत रेघेवर आलो. आठ जणांवर त्यांनी तीन गोल चढवले. शेवटची शिट्टी झाल्यावर परब रिकामा डबा घेऊन परत आला, घामाने निथळत.

"सर, बाबा विचारत होते, जिंकताय काय म्हणून."

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, मी निघालो तेव्हा जिंकत होतो."

* * *

आता शेवटचा किस्सा. तिसऱ्या वर्षीची मॅच. आमच्या कॉलेजच्या फुटबॉलची ही खरोखरच शेवटची मॅच. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी क्रिकेटच्या नेटच्या दोऱ्या बांधल्या आणि कॅरमच्या सोंगट्या सांभाळल्या.

समोरची टीम फोर्टातल्या कॉलेजची. तगडी. पण आमचीही तशी टीम पुन्हा होणे नाही. मॅचच्या तीन दिवस आधी लालबागला गोळीबार झाला. मग हरताळ जाहीर झाला, तो नेमका मॅचच्या दिवशी. मॅच पुढे ढकला म्हणून मी कमिटीकडे खेटे घातले. कमिटी म्हणाली, तारीख बदलत नाही.

त्या दिवशी ट्राम नाही, बस नाही. मी प्रभादेवीहून चालत निघालो. सगळी दुकानं बंद, गिरण्या बंद. परळमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

ग्राउंडवर एकटा पिंटो. तोही दादरहून चालत आलेला, खिशात शिट्टी.

"दळवी, ते काही येत नाहीत," तो म्हणाला. "फोर्टातून येणार कसे? वेळ झाली की तुमची टीम आत उभी करा. मी शिट्टी मारतो. एकाने बॉलला लाथ मारायची. झालं. तुम्ही जिंकलात."

"स्पर्धेतली मॅच? धरली जाईल?"

"नियम आहे."

अहो, मी अक्षरशः नाचायचा बाकी होतो! तीन वर्षं! आणि शेवटी काय, तर एक लाथ! समोर रिकामा गोल!

पोरं आली. अकराच्या अकरा. पण घरच्या कपड्यांत, अनवाणी, दंडाला काळी फीत. आली आणि रेघेच्या बाहेर ओळीने बसली.

"अरे, उठा! कपडे बदला! नको, नका बदलू, तसेच चला आत!"

जाधव म्हणाला, "सर, आम्ही खेळायला नाही आलो. ग्राउंड बंद आहे ना, ते बघायला आलो."

"अरे बाबा, खेळायचं नाहीच आहे! नुसतं उभं राहायचं. ते आलेले नाहीत. आपण जिंकलो!"

"हरताळाच्या दिवशी कसं जिंकायचं सर?"

"एक लाथ, जाधव! एकच!"

"उद्या सांगा सर. उद्या पन्नास मारतो."

"उद्या हे ग्राउंड नसेल! गोलपोस्ट उखडणार आहेत! फुटबॉल बंद! कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय सर."

मी विजयकरकडे वळलो. पोरगा ठाकूरद्वारहून चालत आलेला, पाय धुळीने भरलेले. "तू तरी समजव रे ह्यांना!" तो खाली मान घालून म्हणाला, "सॉरी सर."

मी परबसमोर जाऊन उभा राहिलो. तो माझ्याकडे न बघता बोलला. "आमच्या चाळीतले तात्या दूध आणूक खाली उतरले होते सर. किटली वर आणून दिली लोकांनी."

मला राग येत होता आणि त्याच वेळी रडूही येत होतं. कुणावर ओरडावं ते कळेना. मी पिंटोवर ओरडलो. "उभे राहत नाहीत! बसलेत! चालेल का बसलेले?"

पिंटोने घड्याळ बघितलं. आयुष्यभर नियमावर बोट ठेवून चाललेला माणूस. तो म्हणाला, "एक पाय आत असला तरी मी टीम हजर धरतो, दळवी. कुणाचाही."

"ऐकलंत? एक पाय! कुणीतरी एक पाय आत टाका रे!"

अकराही जणांनी पाय मागे घेतले आणि मांडी घातली.

पिंटो माझ्याजवळ आला, बॉल माझ्या हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाला, "मी तिकडे बघत उभा राहतो. लाथ कुणी मारली ते मला दिसणार नाही. बॉल हललेला दिसला की पुरे." आणि तो पाठ करून उभा राहिला.

मी बॉल घेऊन आत गेलो. मधोमध ठेवला. समोर रिकामा गोल, नवीन जाळी, मीच आदल्या दिवशी बांधलेली. मागे वळून बघितलं. पोरांनी मला अडवलं नाही. नुसती बघत होती.

मग मी बॉल उचलला, काखेत मारला आणि रेघेबाहेर येऊन जाधवच्या शेजारी बसलो. गुडघे दुखत होते, म्हणून पाय लांब केले.

जाधव माझ्या कानाशी वाकला.

"सर, तुमचा पाय आत जातोय."

मी मांडी घातली. मग पिंटोने शिट्टी मारली.